पाहुण्याचा दिवस किती तासांचा? सार्वजनिक वाहतूक चालवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
तिकिटांचे आणि पासचे नियम ठरवणारे सर्व अधिकारी,
शहरोशहरीच्या मेट्रो, बस, ट्राम आणि लोकल सेवा

विषय : 'एक दिवसाचा पास' यातला दिवस
संदर्भ : माझ्या तक्रारीला आलेलं तीन ओळींचं उत्तर

महोदय,

हे पत्र खरं तर एकाच कार्यालयाला लिहिलं होतं. पाठवलं, आणि अकराव्या दिवशी उत्तर आलं. 'पासची मुदत पासच्या मागील बाजूस नमूद आहे. नियम वाचून खरेदी करणे अपेक्षित होते. परतावा देता येणार नाही.' तीनच ओळी, आणि नियमानं बघितलं तर तिन्ही बरोबर. त्या शहराचं नाव मी इथे घेत नाही, कारण माझं भांडण त्या एका कार्यालयाशी नाही. हीच तीन वाक्यं थोड्याफार फरकानं मी इतरत्रही ऐकली आहेत. तेव्हा ज्यांनी ज्यांनी म्हणून असे पास विकायला काढले आहेत त्या सगळ्यांनाच एकदा विचारावं म्हटलं. आणि चारचौघांत विचारावं, कारण एकट्यानं विचारलं की उत्तर मागच्या बाजूला छापलेलं असतं.

झालं ते एवढंच. मी, माझी आई आणि बारा वर्षांचा मुलगा एका अनोळखी शहरात उतरलो तेव्हा संध्याकाळचे पावणेसात झाले होते. परतीची गाडी परवा दुपारी बाराची. स्टेशनच्या तळघरात तिकिटांची चार यंत्रं, त्यातली दोन बंद, आणि आमच्यामागे कामावरून सुटलेल्या माणसांची रांग. आई बॅगेवर टेकली होती. पडद्यावर चार चौकोन होते : एकेरी, १ दिवस, ३ दिवस, ७ दिवस. आता तुम्हीच सांगा, आमचा मुक्काम किती दिवसांचा? हॉटेलच्या हिशेबानं दोन रात्री. कॅलेंडरच्या हिशेबानं तीन दिवस. घड्याळाच्या हिशेबानं एक्केचाळीस तास. मी विचार करत उभी राहिले तेवढ्यात पडदा आपोआप पहिल्या पानावर गेला आणि पुन्हा भाषा निवडण्यापासून सुरुवात. मागचा माणूस घसा खाकरायला लागला तसं मी '१ दिवस' दाबलं, तीन माणसं केली आणि कार्ड लावलं. मनात हिशेब असा की आत्ता पावणेसात, म्हणजे उद्या पावणेसातपर्यंत घोर नाही. पुढचं पुढे बघू.

त्या रात्री आम्ही चार स्टेशनं गेलो, हॉटेलात सामान टाकलं आणि झोपलो. सकाळी नऊला आईनं पास फाटकावर टेकवला. लाल दिवा. तिनं तो ओढणीला पुसला आणि पुन्हा टेकवला. पुन्हा लाल. तिसऱ्या वेळी काचेमागचा कर्मचारी उठून बाहेर आला. माणूस सौजन्यानं वागला, हे सांगायलाच हवं. त्यानं पास उलटा करून बारीक अक्षरांवर बोट ठेवलं आणि मग टेबलावरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. पास रात्री बाराला संपला होता. आमचा दिवस सव्वापाच तासांचा निघाला. आई म्हणाली, "म्हणजे आपण कालचा दिवस विकत घेतला होता का?" मी काही बोलले नाही. पुन्हा यंत्रापुढे जाऊन उभी राहिले.

रक्कम फार मोठी नव्हती, आमचा प्रवास काही त्यानं बुडाला नाही. पण मी कामासाठी आणि हौसेनं वर्षातून दोन-तीनदा तरी परक्या शहरात दोन-तीन दिवस उतरते, आणि प्रवासाची वही ठेवते. त्या वहीत पासपुढे मी दोन शब्दांपैकी एक लिहिते : 'वसूल' किंवा 'अंगावर'. परवा बसून ती चाळली. 'अंगावर' जास्त वेळा आहे. आणि मी हिशेबात कच्ची नाही. रोजची नोकरीच आकड्यांची आहे. तरी हे होतं, तेव्हा दोष सगळा माझ्या वाचनाचा नसावा.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी या 'दिवस' शब्दाचीच आहे.

तुम्ही सगळे हा एकच शब्द वापरता आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा. प्रागमध्ये शिक्का मारल्या क्षणापासून २४ तास मोजतात. झुरिचचा दिवसाचा पासही २४ तासांचा. टोकियोत पर्यटकांसाठी भुयारी रेल्वेचं जे तिकीट मिळतं ते २४, ४८ किंवा ७२ तासांचं, आणि घड्याळ पहिल्या वापरापासून सुरू होतं. माद्रिदचा पर्यटक पास मात्र कॅलेंडरचे दिवस मोजतो. लंडनमध्ये दिवस पहाटे साडेचारला सुरू होऊन दुसऱ्या पहाटे साडेचारच्या आत संपतो, म्हणजे रात्री उशिरा परतणाऱ्याचा प्रवास त्याच दिवसात धरला जातो. सिडनीत हाच हिशेब पहाटे चारला बदलतो. आणि पॅरिसचा आठवड्याचा पास तर सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो, तुम्ही शहरात कुठल्याही वारी उतरलेला असा. गुरुवारी येऊन मंगळवारी जाणाऱ्यानं त्या आठवड्याचं काय करायचं?

यातली कुठलीच पद्धत मला लबाडीची वाटत नाही. गावच्या माणसाला पहाटे साडेचारचा दिवस सोयीचाच आहे. पण पाहुण्यासाठी फरक केवढा पडतो बघा. २४ तासांचा पास सकाळी अकराला सुरू केला तर आजचं अख्खं फिरणं होतं आणि उद्या सकाळी नऊला निघून एखादं ठिकाण गाठणंही त्यातच बसतं. एकाच पासात दोन दिवसांची कामं. दोन रात्रींच्या मुक्कामाला असे दोन पास नीट जुळवले तर तिसऱ्याची गरजच पडत नाही. तोच पास कॅलेंडरचा असेल तर संध्याकाळी उतरणाऱ्यानं तो हातातही धरू नये, त्या संध्याकाळी एकेरी तिकीट काढावं आणि पास दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावा. ही गोष्ट मला आता माहीत आहे. पावणेसातला त्या यंत्राला ती माझ्यापेक्षा चांगली माहीत होती. त्याच्या पोटात घड्याळ होतं, कॅलेंडर होतं, नियमही होता. त्यानं एक ओळ दाखवली असती, 'हा पास आज रात्री १२ वाजता संपेल', तर मी हे पत्र लिहायला बसले नसते.

दुसरी तक्रार वसुलीची. पास घ्यावा की न घ्यावा याचा भागाकार वरवर सोपा दिसतो : पासची किंमत भागिले एकेरी तिकिटाची किंमत, आणि उत्तर येईल त्याहून जास्त फेऱ्या होणार असतील तर पास घ्यावा. पण एकेरी तिकीट म्हणजे नेमकी किती फेरी, हे आधी कोण सांगणार? रोममध्ये एका साध्या तिकिटावर १०० मिनिटं चालतात. प्रागमध्ये ते तिकीट मिनिटांच्याच हिशेबानं मिळतं. लंडनच्या बसमध्ये एकदा कार्ड टेकवलं की तासाभरात पुढच्या कितीही बस आणि ट्राम त्याच भाड्यात. म्हणजे नवखा माणूस 'बस, मग मेट्रो, मग ट्राम, झाल्या तीन' असं बोटांवर मोजतो आणि पास घेतो, तेव्हा गावच्या माणसाच्या लेखी ती एकच फेरी असते. दुसरीकडे जिथे प्रत्येक गाडी बदलताना नवं तिकीट लागतं तिथे त्याच तीन फेऱ्या खरोखर तीन असतात आणि पासचे पैसे दुपारपर्यंत वसूल होतात. भागाकारातला खालचा आकडाच जर गुलदस्त्यात असेल तर वरच्या आकड्याचं काय करायचं?

शिवाय दोन दिवसांच्या पाहुण्याचं फिरणं कसं असतं हे तुम्ही बघितलं आहे का? जुन्या शहरांतली बघण्यासारखी ठिकाणं बहुधा एकमेकांना चिकटून असतात. माणूस सकाळी तिथे जातो, दिवसभर पायी हिंडतो, रात्री परततो. दोन फेऱ्या झाल्या. पास घेतलेला असला की मात्र तो खिशात टोचत राहतो. त्या सहलीत दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका बागेत बसलो होतो. आईला झाडाखाली बरं वाटत होतं. आणि मी म्हटलं, पास आहेच तर ट्राममधून नदीपलीकडे एक चक्कर मारून येऊ. तिचे गुडघे दुखतात हे मला माहीत आहे. तरी मी तिला उठवलं. नदीपलीकडे काही नव्हतं, एक गोदाम आणि ट्रामची वळायची जागा. आम्ही त्याच ट्राममधून परत आलो. वहीत त्या पासपुढे 'वसूल' लिहिलेलं आहे, आणि ते वाचून मला स्वतःचीच लाज वाटते. याचा दोष मी तुम्हाला देत नाही. पण पास हा सोयीसाठी असतो की असली गणितं करायला लावण्यासाठी, हे एकदा ठरवा.

तिसरी गोष्ट विमानतळाची. पाहुणा शहरात शिरतो आणि शहरातून निघतो तो बहुतेक वेळा तिथूनच. म्हणजे त्याच्या मुक्कामातल्या सगळ्यात लांब दोन फेऱ्या त्याच, आणि 'अमर्याद प्रवास' असं ठळक छापलेल्या पासमधून नेमक्या त्याच वगळलेल्या निघतात. बर्लिनचा विमानतळ भाड्याच्या सर्वांत बाहेरच्या पट्ट्यात, म्हणजे सी झोनमध्ये आहे, पण शहरात फिरायला ए आणि बी पुरतात, म्हणून नवखा माणूस तोच पास घेतो आणि शेवटच्या दिवशी बॅगा घेऊन तपासनिसाच्या समोर उभा राहतो. हाँगकाँगच्या मेट्रोच्या पर्यटक पासात विमानतळाची जलद गाडी धरत नाहीत. रोममध्ये शहराचा पास विमानतळाच्या थेट गाडीला चालत नाही. ॲमस्टरडॅमच्या शहर वाहतुकीचा पास राष्ट्रीय रेल्वेला चालत नाही, आणि विमानतळावरून शहरात यायला बहुतेक लोक तीच रेल्वे पकडतात. बुडापेस्टला तर विमानतळाच्या दोन बस आहेत. एक नेहमीच्या पासवर चालते, आणि थेट शहराच्या मध्यात नेणाऱ्या दुसरीला निराळं तिकीट लागतं.

प्रत्येक ठिकाणी कारण असेल. गाडी वेगळ्या कंपनीची असते, मार्ग बांधायला वेगळं कर्ज काढलेलं असतं. ते तुमचं घरातलं. कोपनहेगनच्या सिटी पासमध्ये विमानतळ येतो, माद्रिदच्या पर्यटक पासमध्येही विमानतळाचा अधिभार धरलेला असतो. तेव्हा करायचं म्हटलं तर होतं. आणि करायचं नसेल तर निदान बटणावरच लिहा : विमानतळ धरून, किंवा विमानतळ सोडून. तिसऱ्या पानावरच्या फुलीच्या चिन्हाखाली नको.

शिक्क्याबद्दलही लिहायचं आहे, कारण ते मी डोळ्यांनी बघितलं. दुसऱ्याच एका शहरात, ट्राममध्ये, समोरच्या बाकावर एक वयस्कर जोडपं बसलं होतं. दोघांच्या हातात तीन दिवसांचे कोरे पास आणि पैसे भरल्याची पावती. तपासनीस आले. पास खरे होते, पैसे भरलेले होते, पण ट्राममध्ये चढल्यावर दाराजवळच्या पेटीत ते घालून शिक्का मारायचा असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती पेटी एका खांबाच्या आड होती आणि खांबाला टेकून एक उंच मुलगा उभा होता. बाई पुन्हा पुन्हा पावती पुढे करत होत्या. नवरा गप्प होता, पण त्याचे कान लाल झाले होते. दंड झालाच. ज्यानं तिकीट काढलंच नाही त्याला जेवढा, तेवढाच.

शिक्का का लागतो ते मला समजतं. पास आधी विकत घेऊन ठेवता यावा आणि घड्याळ वापराच्या वेळी सुरू व्हावं, ही उलट चांगली सोय आहे, आणि मी वर त्याचंच कौतुक केलं. पण यंत्रातून पास काढताना 'आत्तापासून सुरू करू का?' एवढं विचारायला किती खर्च येतो? होय म्हटलं तर तारीख-वेळ छापूनच द्यावी. आणि ज्यानं पैसे भरल्याचा पुरावा दाखवला त्याला फुकट्याच्या रांगेत बसवू नये. पहिल्या वेळी तपासनिसानं तिथेच शिक्का मारून द्यावा आणि सोडावं.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. मेट्रोत बाराव्या वर्षापर्यंत मूल, बसमध्ये दहाव्यापर्यंत, रेल्वेत उंचीवर. माझा मुलगा एकाच दिवशी दोनदा मोठा झाला आणि एकदा लहान. एका माणसाला एकच कार्ड, म्हणून तिघांची तीन कार्डं, तिन्हींवर अनामत, आणि ती परत देणारी खिडकी आमची गाडी सुटल्यावर उघडणार. ॲपवर पास स्वस्त, पण ॲपला त्याच देशातला मोबाइल नंबर हवा, कारण ओटीपी तिकडेच जातो. आणि ती संग्रहालयांसकट येणारी शहर-कार्डं! दिवसात पाच संग्रहालयं बघणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. ज्याला दोनच बघायची आहेत त्यानं प्रवेशाचं तिकीट आणि प्रवासाचं तिकीट वेगवेगळं धरून बेरीज करावी. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. शहराची वाहतूक तोट्यात चालते, तो तोटा तिथले करदाते सोसतात, मग दोन दिवसांच्या पाहुण्याला सवलत कशाला, हा प्रश्न रास्त आहे. टालिनमध्ये २०१३ पासून शहरात नोंद असलेल्या रहिवाशांना प्रवास मोफत आहे आणि पाहुण्यानं पैसे भरायचे आहेत. मला हे पटतं, कारण ते उघड आहे. लक्झेंबर्गनं २९ फेब्रुवारी २०२० पासून पहिला वर्ग सोडून देशभरातली सार्वजनिक वाहतूक सगळ्यांनाच मोफत केली. तिथे पाहुण्याला काही निवडायचंच नाही. जिनिव्हा, बासेल अशा शहरांत हॉटेलात उतरणाऱ्याला मुक्कामापुरतं वाहतुकीचं कार्ड मिळतं, त्यासाठी निराळे पैसे मोजावे लागत नाहीत. या सगळ्यांची धोरणं एकमेकांहून वेगळी आहेत. पण या प्रत्येक ठिकाणी पाहुण्याला दारातच कळतं की आपण कुठे उभे आहोत. मी फुकट मागत नाही, सवलतही मागत नाही. किंमत जास्त ठेवा, पण ती आधी कळू द्या.

आणि हिशेब करायचाच असेल तर तो तुमच्या यंत्रानं का करू नये? लंडनमध्ये आधी पैसे भरून प्रवासात टेकवायचं ऑयस्टर कार्ड २००३ साली आलं आणि २००५ पासून त्यावर दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा बसवली गेली. माणसानं नुसतं कार्ड टेकवत जायचं. मर्यादा गाठली की पुढचा प्रवास त्या दिवसापुरता पैशांशिवाय. पास निवडायचाच नाही. २०१४ पासून तिथल्या भुयारी रेल्वेत साधं बँकेचं कार्डही चालतं. न्यूयॉर्कनं २०२२ मध्ये आठवड्याची मर्यादा आणली. सुरुवातीला आठवडा सोमवारी सुरू व्हायचा, पुढच्याच वर्षी तो बदलून पहिल्या टॅपपासून सात दिवस केला. म्हणजे शहर मोठं असलं, यंत्रणा जुनी असली, तरी आठवड्याचा अर्थ पाहुण्याच्या बाजूनं बदलता येतो. कोणीतरी बसून तो बदलला, एवढंच.

मात्र हे बघून 'आम्हीही मर्यादा लावली, आता तक्रार नको' असं कोणी म्हणू नये. त्या पद्धतीतही खाचा आहेत. मर्यादा मोजली जाते ती एकाच कार्डावर. सकाळी फोनमध्ये भरलेलं बँकेचं कार्ड टेकवलं आणि दुपारी फोनची बॅटरी गेली म्हणून तेच कार्ड खिशातून काढून टेकवलं, तर यंत्राच्या लेखी ती दोन माणसं, आणि दोघांचीही मर्यादा अर्धवट. लंडनच्या भुयारी रेल्वेतून बाहेर पडताना टेकवायचं राहिलं तर सर्वांत जास्तीचं भाडं कापलं जातं. परदेशी बँक प्रत्येक व्यवहारावर काय आकारेल ते घरी गेल्यावर कळतं. आणि माझ्या आईकडे तसलं कार्डच नाही. तिच्याकडे नोटा आहेत, नीट घडी घातलेल्या. लंडनसारख्या ठिकाणी माझ्या कार्डावर ती येऊ शकत नाही, कारण तिथे एका कार्डावर एकच माणूस. तेव्हा टॅप करा म्हणताना कागदी पास आणि नोटा घेणारी एक खिडकी ठेवावीच लागेल. त्या खिडकीत माणूस असावा. त्याला विचारता आलं पाहिजे की आम्ही तिघं आहोत, परवा दुपारी निघणार आहोत, काय घ्यावं?

पावणेसातला मला खरं तर एवढंच हवं होतं.

म्हणून मागण्या. फार नाहीत, आणि बहुतेकांना नवे रूळ किंवा नव्या गाड्या लागत नाहीत.

पैसे भरायच्या आधी पडद्यावर पास कधी संपणार ते तारीख आणि वेळेसकट दाखवा. '१ दिवस' नको, 'उद्या १८.४५ पर्यंत' किंवा 'आज रात्री १२ पर्यंत' असं लिहा. कॅलेंडरचाच दिवस ठेवायचा असेल तर दुपारनंतर तो घेणाऱ्याला यंत्रानं एकदा सावध करावं आणि 'उद्यापासून सुरू करू का?' असं विचारावं. शक्य असेल तिथे मात्र पहिल्या वापरापासून २४ तास धरा. पाहुण्यासाठी याहून सरळ मोजमाप नाही.

एकेरी तिकिटावर किती मिनिटं आणि कितीदा गाडी बदलता येते हे पासच्या किमतीशेजारीच छापा, म्हणजे भागाकार ज्याचा त्याला करता येईल.

विमानतळ धरला आहे की नाही ते पासच्या नावातच येऊ द्या.

शिक्का विसरलेल्या पण पैसे भरलेल्या प्रवाशाला पहिल्या वेळी दंड नको.

शहरातल्या सगळ्या सेवांनी मिळून मुलाचं एकच वय ठरवा. कोणतंही ठरवा. कार्डावर अनामत घेत असाल तर पाहुणा जिथून निघतो तिथे, त्या वेळी ती परत मिळाली पाहिजे. मुख्य स्टेशनवर आणि विमानतळावर, पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत.

आणि ज्यानं एकाच दिवसात एकेरी तिकिटं काढत काढत पासच्या किमतीपेक्षा जास्त पैसे भरले, त्याला ती तिकिटं दाखवून उरलेल्या दिवसाचा पास मिळावा. कार्डवाल्याला जे यंत्र आपोआप देतं, ते कागदवाल्याला खिडकीवर मागून तरी मिळू दे.

नियम ठरवणाऱ्यांसाठी शेवटची एक विनंती आहे, मागणी नव्हे. वर्षातून एकदा तुमच्यापैकी कोणीतरी, तिथली भाषा येत नाही अशा शहरात, संध्याकाळी, बॅग आणि घरातलं एक वयस्कर माणूस बरोबर घेऊन उतरावं आणि यंत्रावर तीन पास काढावेत. मागे रांग हवी. मग परत येऊन स्वतःच्या शहराचं यंत्र उघडून बघावं.

त्या पहिल्या संध्याकाळचे आमचे तिन्ही पास मी वहीत चिकटवून ठेवले आहेत. त्या पानावर 'वसूल' की 'अंगावर' ते अजून लिहिलेलं नाही. आईच्या मते या पत्राला उत्तर आलं तर पहिला शब्द लिहावा. उत्तर तीन ओळींचं असलं तरी चालेल. फक्त त्यातली एकही ओळ मागच्या बाजूबद्दल नको.

कळावे,
आपली,
दोन रात्री, तीन दिवस, एक्केचाळीस तासांची पाहुणी